दोन स्वल्पविराम

सोम. ७ जुलै, लातूर
इज्जत गेली. कालच्या पेपरात प्र. १७ च्या चार पर्यायांचे आठ तुकडे छापले: "(२", "३)", "(३", "२)", असे. पोरं हसली. चूक माझीच. गणित छापायच्या लेटेक सॉफ्टवेअरमधला, पर्याय आपोआप मांडणारा मॅक्रो मी लिहिला: स्वल्पविराम दिसला की तोड, नवा पर्याय. बिंदू (२, ३) असा लिहितात, त्या कंसातही स्वल्पविराम असतो हे डोक्यातच आलं नाही.
क्लासचे मालक, मोठे सर: "मॅडम, येत्या रविवारी पेपर बरोबर निघाला तर ठीक. न्हाई तर टायपिंग हैदराबादला देऊन टाकतो." नऊ वर्षं या खुर्चीत बसतेय मी!

मंगळ. ८
स्वल्पविरामाऐवजी उभ्या रेघेवर तोडलं. दुपारपर्यंत मी राणी. मग गणिताच्या बिरादार सरांचा केवल मूल्याचा प्रश्न आला. एक्सच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा. पुन्हा चिंध्या. रडू आलं, रडले नाही.

बुध. ९
स्टाफरूमभर हिंडले. "कधीच लिहीत नाही अशी एक खूण द्या ना."
बिरादार सर: "गणितात समदंच लागतं, बाई."
रसायनच्या शेख मॅडम: "आमच्यात बी. तुला द्यायला काहीच शिल्लक न्हाई बघ."
हसले सगळे. मीपण.

गुरु. १०
सापडलं!! दुपारी शिपाईमामांनी दोन टोल दिले, मधली सुट्टी. एक टोल म्हणजे नुसता तास बदलला. घंटा तीच, पण पोरं कधी चुकत नाहीत. मग स्वल्पविराम एकटा असेल तर सरांचा, लागोपाठ दोन असतील तर माझा! तोडायची खूण एकच अक्षर पाहिजे असं कुणी सांगितलं होतं?
मॅक्रो बदलला. ,, दिसले तर तिथंच तोड. नाही दिसले तर पूर्वीसारखं एकावर, म्हणजे जुने प्रश्न जसेच्या तसे चालतात. फक्त बिंदूंचे शोधून हाताने दुरुस्त. प्र. १७ चे पर्याय चार. मोजून चार! टेबलावर बुक्की मारली, चहा सांडला.

शुक्र. ११
बिरादार सर: "आण इकडं. मी फोडून दाखवतो." मुद्दाम वाकडेतिकडे प्रश्न दिले. संच, अंतराल, कंसात कंस. एकही फुटला नाही. शेवटी पेन खाली ठेवलं. "हाव, जमलं तुला." या माणसाने माझ्या कामाला पहिल्यांदा बरं म्हटलं. लई भारी वाटलं.

रवि. १३
पेपर झाला. एकाही पोराचा हात वर नाही.
मोठे सर स्वतः माझ्या टेबलापाशी. "नांदेडला शाखा काढून राहिलो. तिथलं समदं टायपिंग तुम्ही बघा. दोन माणसं हाताखाली."
"विचार करून सांगते."
"हैदराबादचं मनावर घेऊ नका, मॅडम."
आई उदगीरला, नांदेड तिथून लातूरपेक्षाही लांब. आईला फोन केला, सगळं सांगितलं. आई म्हणाली, "काढून टाकणार होते न्हवं तुला? मग थांबू दे की त्यास्नी चार दिस."
थांबवलंय.