वरच्या वाडीचा बंधारा

५ एप्रिल
पंपाने हवा धरली. नळाला आज घरटी जेमतेम एक हंडा. नळपाण्याची विहीर ओढ्याच्या काठाला, आणि ओढाच आटत चाललाय. कारण सगळ्यांना माहीत आहे. वर दादाने, माझ्या सख्ख्या भावाने, भाजीसाठी पोती रचून पाणी अडवलंय. माहेर वरच्या वाडीत, सासर खालच्या. ओढा एकच. त्यात सरपंच मी.
बायकांनी रिकामे हंडे माझ्या दारावरून नेले, एवढंच.

७ एप्रिल
वर जाऊन आले. बंधाऱ्यामागे कमरेएवढं पाणी. काठाला दादाची भेंडी, चवळी, काकडी. वहिनी महाडच्या बाजारात नेऊन विकते.
दादा म्हणाला, "कंपनी सुटल्यापासून ह्यावरच घर चाललंय. तुमाला प्यायला पायजे, मान्य हाय. पन मी काय खाऊ, तूच सांग गो."
म्हटलं, एक दिवसाआड वरची पोती काढ, थोडं खाली सोड. त्याने वरचं एक पोतं पायाने दाबून बघितलं. मग, "बघतो."
निघताना वहिनीने काकड्या दिल्या. घेऊ नयेत असं वाटलं. घेतल्या.

१० एप्रिल
दादाने शब्द पाळला. पण सोडलेलं पाणी निम्म्या वाटेतच वाळूत जिरतंय. विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी पिऊन आमच्या धाकट्या लेकीला जुलाब. पोलादपूरला सलाईन लावून आणलं. डोळे खोल गेलेत पोरीचे.
टँकरसाठी तालुक्याला गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे वाहता ओढा आहे. आधी कोरड्या वाड्या." त्यांचंही चूक नाही.
घरी हे जेवता जेवता: "भावाला सांगायला जीभ वळत नाय वाटतं."
मी ताट तसंच ठेवून उठले.

१४ एप्रिल
जयंती. दोन्ही वाड्या मिळून, खालच्या मंडपात. जेवणाचं पाणी दादाने पिकअपमधून ड्रम भरून आणलं. कुणी सांगितलं नव्हतं.
वक्ते महाडचे. तळ्याच्या सत्याग्रहावर छान बोलले. 'पाणी' शब्द आला की लोक माझ्याकडे बघायचे, नाहीतर स्वतःच्या चपलांकडे.
मिरवणुकीत दादा आणि हे शेजारी शेजारी चालत होते. एकदा हसलेही कशावर तरी. वाटलं, निभेल.

१७ एप्रिल
बंधारा फोडला. पहाटे कधीतरी. पोती कोयत्याने फाडलीत म्हणे.
सकाळी नळाला धो धो पाणी. बायका खूश. कुठून आलं, एकीनेही विचारलं नाही.
हे न्हाणीत पाय धूत होते. गुडघ्यापर्यंत राखाडी गाळ. आमच्या शेतात तसला गाळ नाही.
"कुठे गेला होतात?"
"म्हस सुटली होती."
म्हैस गोठ्यात बसून रवंथ करत होती. मी चहा ठेवला.

२० एप्रिल
भेंडीने माना टाकल्यात. अडवलेलं सगळं पाणी सावित्री नदीला मिळालं. विहीर परत तळाला. ना त्यांना, ना आम्हाला.
दादाने तक्रार दिली. हवालदार ग्रा.पं.त आले. "सरपंचबाई, काही कानावर?"
"नाही."
इतक्या सहज तोंडातून गेलं. वर जायला तोंड नाही, घरी जावंसं वाटत नाही. कार्यालयातच बसून राहिले, शिपाई कुलूप घेऊन उभा राहीपर्यंत.

२२ एप्रिल
बोलले शेवटी. "मला माहीत आहे, तुम्ही होतात."
"मी एकटा नव्हतो."
"मी तुमचंच विचारतेय."
"पोरगी सलाईनवर पडलेली तवा तुझा दादा कुठं होता? भेंडीला पाणी घालत."
मी पोरीचं पांघरूण सारखं केलं.
मग हे भिंतीकडे तोंड करून रडले. म्हटलं, दादाजवळ जाऊन एकदा बोला. मान हलवली. नाही म्हणून.

२५ एप्रिल
सभा. दोन्ही वाड्या. नुसता आरडाओरडा. उठून उभी राहिले.
"कोणी फोडला ते मला ठाऊक आहे. नावं आज घेत नाही. रविवारी वर यायचं. ज्यांनी फोडला त्यांनीच बांधायचा. ह्या वेळी तळाला पाइप टाकून. पिण्याचं पाणी पाइपातून आधी खाली, उरेल ते भाजीला. जो येणार नाही त्याचं नाव सोमवारी हवालदाराला देईन."
दादा कबूल. नाराजीने, पण कबूल. हे मागच्या भिंतीला टेकून उभे होते. घरी येताना माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिले.

२७ एप्रिल, रविवार
सकाळी ह्यांना हाक मारली. पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. एकटीच चढले.
दादा आधीच दगड रचत होता. थोड्या वेळाने खालून माणसं आली. शेजारचे भाऊजी, त्यांचा मेहुणा, आणखी दोघं. वहिनीने चहा पुढे केला. घेतला सगळ्यांनी. पाइप बसला. दुपारपर्यंत अर्धा बंधारा उभा.
दादा पोत्याचं तोंड धरून माझ्यासमोर, मी माती भरत होते. हळूच म्हणाला, "दाजी नाय आले?"
त्याला माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. तक्रारीत तरी त्याने नाव घातलं नव्हतं.
"नाय."
"फोन कर. बोलव. मी काय बोलनार नाय त्यांना."
लावला. रिंग पूर्ण वाजली. परत लावला. दादा पोतं धरून उभाच.
उचलला नाही. उद्या सोमवार.