दालनातला तो फोटो माझ्या मालकांचा नाही

मी, श्रीमती झुंबरबाई अमरसिंह चौगले, वय वर्षे बहात्तर, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि माझे मन ठिकाणावर आहे. असे प्रत्येक मृत्युपत्रात लिहितात म्हणे. माझ्या बाबतीत भांडण नेमके त्यावरच आहे. माझे धाकटे दीर विजयसिंह गेला महिनाभर भावकीत आणि पेठेत सांगत फिरत आहेत, की वैनींना विसरायचा आजार झाला. म्हणून डॉ. पूर्णिमा घोरपडे यांना मी घरी बोलावले. त्यांनी तासभर मला तपासले आणि आता त्या समोर बसल्या आहेत. शेजारी दादासो कांबळे, राहणार पेठ वडगाव, हे साक्षीला आहेत. दार आतून लावले आहे. मागच्या आठवड्यात भावजींनी एक टाइप केलेला कागद आणून माझा अंगठा मागितला होता. मी सातवी शिकले आहे आणि सही करते, हे त्यांना माहीत नाही असे नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि शेवटचे समजावे.

१. आधी काय घडले ते लिहिते, म्हणजे पुढची कलमे का लिहिली ते कळेल.

माझे मालक लान्स नाईक अमरसिंह १९७१ च्या डिसेंबरात लढाईत गेले. सुरुंग पेरलेल्या शेतातून त्यांनी तीन जखमी जवान एकामागून एक ओढून आणले. चौथ्यासाठी आत गेले ते आलेच नाहीत. सरकारने त्यांना मरणोत्तर वीरचक्र दिले. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. लग्नाला सात महिने झाले होते आणि त्यातले सत्तावीस दिवस आम्ही एका घरात होतो.

त्यांचा फोटो एकच उरला आहे. भाद्रपदात रजेवर आले तेव्हा पेठेतल्या स्टुडिओत आम्ही दोघांनी काढलेला. तो मी कोणालाच दाखवला नाही. सासूबाईंनाही नाही. तेवढेच माझे एकटीचे होते.

शहरात नवे संग्रहालय झाले, त्यात शौर्यपदक मिळालेल्यांचे दालन करायचे ठरले. तिथली दीक्षा नावाची मुलगी पदक आणि फोटो मागायला घरी आली. पोरगी नम्र होती. पलटणीच्या कागदांत फोटो मिळाला नाही म्हणाली. माझ्याकडे एक आहे पण दोघांचा आहे, एवढेच मी सांगितले. भावजी शेजारीच बसले होते. ते म्हणाले, वैनींचा भाग कापून द्या, तिथे फक्त विजेत्याचा चेहरा लागतो. मी म्हटले, लावायचा तर दोघांचा लावा, नाहीतर लावूच नका. आणि ट्रंकेला कुलूप घातले. हा हट्ट माझा होता. तो मी इथे कबूल करते.

सव्वीस जानेवारीला दालन उघडले. भावजींची मुलगी वर्षाराणी मला घेऊन गेली. काचेआड दिवा, खाली मालकांचे नाव, पलटण, तारीख, सगळे बरोबर. वर युनिफॉर्ममधला फोटो होता विजयसिंहांचा. मालकांच्या सामानातून परत आलेला युनिफॉर्म त्यांनी विशीत एकदा अंगावर चढवून फोटो काढला होता, तोच त्यांनी मालकांचा म्हणून दिला होता. लोक त्याला हार घालत होते.

मी म्हणाले, "हा माझा मालक न्हाय."

भावजींनी माझे कोपर धरले आणि हसत लोकांना सांगितले, "वय झालंय. वैनींस्नी आता कायबी आठवत न्हाय." लोकांना ते पटले. एका बाईने मला खुर्ची दिली, दुसरीने पाणी दिले, आणि लहान मुलाशी बोलतात तसे माझ्याशी बोलल्या. वर्षाराणीने आपल्या बापाचा चेहरा ओळखला होता. ती तिथे गप्प बसली आणि परतताना रिक्षात रडली.

ओढून आणलेल्या तिघांपैकी आज एकटे दादासो हयात आहेत. त्यांचा डावा पाय त्या शेतात राहिला. मी निरोप धाडला. ते कुबडी घेऊन वडगावहून आले आणि माझ्या व दीक्षाच्या बरोबर दालनात गेले. चष्मा पुसून दोनदा बघितले आणि म्हणाले, "आक्का, मला ओढून आणणारा माणूस ह्यो न्हवं." दीक्षाने त्यांचा जबाब लिहून घेतला आणि फोटो उतरवला. चौकट सध्या रिकामी आहे. तेव्हापासून भावजींचा राग पेटला आहे, आणि माझा आजार वाढला आहे.

२. राधानगरीकडची माझ्या नावची जमीन विजयसिंह यांना द्यावी. हे वाचून कोणी चकित होऊ नये. त्या चिखलात पन्नास वर्षे त्यांनी भात लावला आहे, गुडघे त्यांचे गेले आहेत. राग वेगळा आणि कष्ट वेगळे.

३. मंगळवार पेठेतल्या या दोन खोल्या वर्षाराणीला. तिला मी अंगाखांद्यावर वाढवले. पोरी, त्या दिवशी तू बोलायला हवे होतेस. बापाविरुद्ध बोलणे अवघड असते हे मला कळते, तरी लिहून ठेवते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

४. शिलाई मशीन, कात्र्या आणि गिऱ्हाइकांच्या मापांची वही सोनूबाईला. ती वीस वर्षे माझ्याकडे काज-बटण करते. बाह्यांचे माप ती नेहमी सैल घेते, ते सुधारावे.

५. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला मला स्टेजवर बसवून घातलेल्या शाली कपाटात आहेत. एकही मी पांघरलेली नाही. त्या सरकारी दवाखान्यातल्या म्हाताऱ्या माणसांना वाटाव्यात. कोणत्याही पुढाऱ्याने त्यातली एकही उचलून दुसऱ्या विधवेला घालू नये.

६. वीरचक्र माझ्या पश्चात संग्रहालयाला द्यावे. पाटीवर ज्या तिघांना मालकांनी वाचवले त्यांची नावे लिहावीत. चौथ्याचेही लिहावे. त्याचे नाव दादासोंना माहीत आहे.

७. फोटोचे कलम लिहायला घेतले आणि दार वाजले. भावजी दोन माणसे घेऊन आले होते. दार उघडा, म्हाताऱ्या बाईकडून काय लिहून घेताय, असे ओरडत होते. दादासो कुबडी टेकून दारापाशी उभे राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येऊ द्या, त्यांनीच प्रश्न विचारावेत. मी दार उघडायला सांगितले.

भावजींनी उभ्यानेच विचारले. मामंजी कोणत्या साली गेले? मी सांगितले, ब्याऐंशी. गोठ्यातली पहिली म्हैस कोणती? चंद्री, आणि ती त्यांनीच विकली. त्यांच्या थोरल्या मुलीचे, वर्षाराणीचे, बारसे कधी झाले? तिथीसुद्धा सांगितली. बरोबरची माणसे एकमेकांकडे बघायला लागली आणि जरा वेळाने, येतो म्हणून निघून गेली.

मग मी एकच विचारले. "भावजी, तुमच्या भावाचा चेहरा तुमास्नी आठवतोय काय?"

ते खाली बसले.

"न्हाई, वैनी," ते म्हणाले. "सतरा वर्साचा हुतो. लोक म्हणायचे, अगदी अमरसिंगावर गेलाय. मग आरशात बघून आठवायचो. तुमी फोटो दिला न्हाई. रिकाम्या चौकटीला हार घालाय लावू काय दादाच्या?"

मी उठले. ट्रंक उघडली आणि फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीपाशी नेला. काचेवरून अंगठा फिरवत राहिले. म्हणाले, "माझ्यासारखा न्हाईच की ह्यो." पाणी मागितले आणि प्यायले नाहीत.

तेव्हा हे कलम असे. फोटोने माझ्या मरणाची वाट बघू नये. तो न कापता, दोघांचा, विजयसिंह यांनी उद्याच स्वतः संग्रहालयात न्यावा आणि आधी लावलेला फोटो कोणाचा होता ते दीक्षाला लेखी द्यावे. हे ऐकून ते म्हणाले, लोक तोंडात शेण घालतील. मी म्हणाले, "घालू देत. म्हैनाभर मी खाल्लंय."

ते फोटोकडे बघत राहिले. मग दादासोंना विचारले, "दालन किती वाजता उघडतंय?"

येथवरचा मजकूर मी सर्वांसमोर मोठ्याने वाचला. खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदारांना यातून काही मिळायचे नाही. त्यांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत त्यांनी केली.

लिहून ठेवणार : झुंबरबाई अमरसिंह चौगले (सही)

साक्षीदार :
१. डॉ. पूर्णिमा घोरपडे, कोल्हापूर (सही). बाईंना मी आज तपासले आहे. दाखला सोबत जोडला आहे.
२. दादासो कांबळे, माजी सैनिक, पेठ वडगाव (सही). चौथ्याचं नाव प्रसेनजीत. वय वीस.

ठिकाण : मंगळवार पेठ, कोल्हापूर
दिनांक : २० फेब्रुवारी २०२५