मूळ आवाज आणि खालची अक्षरे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय एकाहत्तर, अविवाहित, आयुष्यभर शिलाई मशीन दुरुस्तीचा धंदा केलेला, आज माझ्या घरी खुर्चीत बसून माझी शेवटची इच्छा सांगत आहे. डोके ठिकाणावर आहे. डोळे तेवढे नाहीत. कडेचे दिसते, मधले दिसत नाही. म्हणून मजकूर दस्तलेखकांनी लिहून घेतला आणि मला दोनदा वाचून दाखवला. पहिल्या वेळी त्यांनी गहिवरून वाचला, तेव्हा साधे वाचा अशी विनंती मला करावी लागली. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, कोणाची भीडही नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही.

१. राहते घर, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, माझ्या कमाईचे आहे. ते माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. बँकेतली ठेवही तिचीच. ती कशावर खर्च केली हे कोणी तिला विचारू नये. तिच्या वडिलांनी तर मुळीच नाही.

२. हत्यारांची पेटी, तेलाच्या कुप्या आणि सुट्या भागांचे सात डबे माझ्याकडे काम शिकलेल्या शिंपीणबाईंना द्यावेत. मशीन उघडण्याआधी डोळे मिटून ऐकायचे, हे माझे शिकवणे त्यांनी एकट्यांनीच मनावर घेतले. बाकीच्यांना स्क्रू फिरवायची घाई. कुठल्या चाकाचा दाता झिजला, कुठे पट्टा सैल आहे, हे मशीन स्वतःच्या तोंडाने सांगते.

३. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी "या वयात कार्टून बघता?" असे जिन्यात, चारचौघांत, किमान वीस वेळा विचारले आहे. त्यांना माझी वेताची खुर्ची द्यावी. अट अशी की तिच्यावर बसून त्यांनी माझ्या आवडत्या मालिकेचे पहिले तीन भाग मूळ जपानी आवाजात, खाली येणारी भाषांतराची अक्षरे वाचत पाहावेत. नंतर हवे ते बोलावे. माझी काही हरकत असण्याचा प्रश्न तेव्हा उरणार नाही.

४. टीव्ही, सर्व डिस्क आणि कानाने ऐकून टिपलेल्या चारशे बारा जपानी शब्दांची वही धाकट्या भावाला द्यावी. त्यालाच का, हे सविस्तर सांगतो, नाहीतर पुतणीला वाटेल की काकाचा हिशोब चुकला.

भाऊ डबिंग कलाकार आहे. परदेशी पात्रांना आपल्या भाषेत आवाज देतो. चौदा वर्षांपूर्वी आमची आई गेली. तिसऱ्या दिवशी तो सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्टुडिओत गेला. ते मी मनात धरून ठेवले.

चार महिन्यांनी पुतणीचा पाय मोडला. ती नऊ वर्षांची होती. आईवडील दोघेही कामावर, म्हणून प्लॅस्टर घातलेला पाय घेऊन ती सहा आठवडे माझ्याकडे राहिली. सोबत एक डिस्क होती. गावोगाव हिंडून घंटा ओतणाऱ्या तरुणाची सव्वीस भागांची गोष्ट, आणि त्या घंटावाल्याला आवाज तिच्या बाबांचा. एका दुपारी तिच्याकडून भलतेच बटण दाबले गेले. आवाज जपानी झाला, खाली अक्षरे आली. मी पलीकडे एका मशीनला तेल घालत होतो. हात थांबला. तो माणूस उत्तर देण्याआधी किंचित श्वास घेत होता, जणू खरे सांगावे की नाही हे ठरवत होता.

"राहू दे तसंच," मी म्हणालो.

"काका, तुम्हाला कळतंय?"

"नाही. म्हणून तर."

त्या दिवसापासून मी मूळ आवाजातच पाहत आलो. हा माणूस इथे का थांबला, ही बाई 'हो' म्हणताना आवाज का खाली नेते, याचेच मला कुतूहल.

पुतणीला न्यायला भाऊ आला, जेवायला थांबला. त्याने विचारले, "दादा, माझं काम बघितलंस का?"

मी सात मिनिटे पाहिले होते. म्हणालो, "तुझा आवाज छान आहे. पण तो त्या माणसाचा नाही. एका मशीनला दुसऱ्या मशीनचा आवाज लावला तर मी दुरुस्त काय करायचं?"

"तुझ्या लेखी आम्ही सगळी मशीनंच," तो म्हणाला, आणि अर्ध्या ताटावरून उठला.

अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. माझ्या बोलण्यात डबिंग थोडे आणि तिसरा दिवस जास्त होता, हे मी आज कबूल करतो.

मग माझे डोळे गेले. आधी अक्षरांचा मधला भाग पुसट झाला, मग ओळच. मी नुसताच ऐकत बसायचो. पुतणीने घरी सांगितले असणार. एका रविवारी दुपारी भाऊ दारात.

"कितव्या भागावर आहेस?"

"बाराव्या."

तो शेजारी बसला आणि अक्षरे वाचू लागला. अगदी नाटकात बोलतात तशी.

"नुसतं वाच," मी म्हणालो. "अभिनय नको."

तो हसला. "दादा, जन्मभर त्याचेच पैसे घेतले रे मी."

तेव्हापासून तीन वर्षे, दर रविवारी, मूळ माणूस बोलून झाला की तो हलक्या आवाजात ओळ वाचतो. दोघे एकदम बोलले तर चित्र थांबवतो. एकही ओळ गाळत नाही.

दोन महिन्यांपूर्वी तो परगावी गेला होता. आपण सात मिनिटांवर निकाल दिला, पुढे याने केले तरी काय, हे कुतूहल मला गप्प बसू देईना. पुतणीला सांगून त्याच्या आवाजातले सव्वीसही भाग लावून घेतले. एकोणिसाव्या भागात घंटावाल्याची आई अंथरुणाला खिळते. मुळात तो फक्त "आई" म्हणतो, एवढीच ओळ आहे. भावाच्या आवाजात ऐकू आले, "आई, पाणी देऊ?" आणि 'देऊ'वर आवाज फाटला.

आमच्या आईला शेवटी चमच्याने पाणी तोच पाजायचा.

तो परतल्यावर मी विचारले, "एकोणिसावा भाग कधी केलास?"

"तिसऱ्या दिवशी. स्टुडिओवाले तारीख पुढे ढकलत नव्हते." मग म्हणाला, "तिथे रडलेलं चालत होतं, दादा. घरी तू कुणाला रडू देत नव्हतास."

मी त्याचा हात शोधला, तो त्याने धरू दिला.

यावरून माझे मत बदलले असा अर्थ कोणी काढू नये. पाहायचे ते मूळ आवाजात, अक्षरे वाचूनच. पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. तो जपानी आवाज देणारा माणूस 'आई' या एका शब्दाआधी जो श्वास घेतो, तो कुठून आणला त्याने? त्या दिवशी त्याच्या घरी काय झाले होते? खालच्या अक्षरांत ते कधी आले नाही. कोणाला कळले तर माझ्या भावाला येऊन सांगावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही: (ओळ चुकू नये म्हणून पुठ्ठ्याची पट्टी धरून, माझ्याच हाताने)

आमच्या समक्ष सही केली:
१. तळमजल्यावरचे औषध दुकानदार
२. रोज डोळ्यांत थेंब घालायला येणाऱ्या नर्सबाई

स्थळ: राहते घर, पुढची खोली
तारीख: ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा