नावापुढची जागा

घुग्घुस
३ सप्टेंबर २०२३

ती. गुणाबाई हिस,
धाकटा भाऊ वारलू याचा प्रभूमध्ये सलाम.

पत्राला उशीर झाला. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि तुझ्या मुलाजवळ, श्रावणजवळ, दिलेला निरोप तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर अर्धा होतो, म्हणून लिहायला बसलो. भाताची रोवणी आटोपली असेल. गुडघ्यांनी तुला चिखलात उतरू दिले नसेलच, तरी बांधावर बसून तू सुनेला, उर्वशीला, रोवणी शिकवत असशील, हे मला इथून दिसते.

सोमारीला जाऊन तीन महिने होत आले. मी खाणीच्या काट्यावर जातो, कोळशाचे ट्रक वजनाला लावतो, घरी येतो. एकट्यासाठी भात किती टाकायचा याचा अंदाज अजून येत नाही. रोज उरतो.

रविवारी चर्चला जातो. उपासना झाली की निंबाखाली चहा असतो. सगळे एकमेकांचे काका, आत्या, व्याही. त्यांचे आजे मिशनच्या शाळेत एका बाकावर बसलेले. मी नळाजवळ कप धरून उभा राहतो. सोमारी होती तेव्हाही आम्ही तिथेच उभे राहायचो, पण दोघे मिळून एक घर होते, त्यामुळे कळत नव्हते. वीस वर्षांपूर्वी आम्ही बाप्तिस्मा घेतला तेव्हा मला 'नवीन बंधू' म्हणत. अजून म्हणतात. सोमारीला माती देताना पाळकसाहेबांनी प्रार्थनेत तेच म्हटले, की आमच्या नवीन बंधूचे सांत्वन कर. माणूस चांगला आहे, मागच्या वर्षीच बदलून आला. त्यांना कोणी तसेच सांगितले असणार. केस पिकले बाई, पण मी नवीनच.

खरे सांगू, सलाम ही आमच्या मंडळीची रीत, पण मला रोज सलाम करणारा माणूस आता एकच उरला. तो म्हणजे नाक्यावरचा पंक्चरवाला रफीकभाई.

विचारायचे हे होते की मी गावी येऊन राहिलो तर चालेल का? आईच्या खोलीत. खोकला छातीत बसला आहे, डॉक्टर फोटो काढा म्हणतात. मरायची भीती वाटत नाही. पण जिथे मरेन तिथे कोणी आपला म्हणून उचलावे, एवढे वाटते. पारावर विचारून कळव.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
वारलू


मोहटोला, ता. नागभीड
२० सप्टेंबर २०२३

चि. वारलू यास,
गुणाबाईचे अ. उ. आ.

तोंड माहं अन हात उर्वशीचा. तुयं पत्र भेटलं. तूनं पयल्यांदा 'सलाम' लिवला होता ना, तवा पोस्टमननं गावभर सांगतलं होतं का वारलू मुसलमान झाला. शेजारची सुकरी अजून इचारते, तुहा भाऊ ईदले येते का म्हनून. मी म्हनतो, येते, शेवया करून ठेव.

मी वीस वर्सं तुले आशीर्वाद लिवून राह्यली अन तू मले शि. सा. न. लिवत नाई. डोक्सं फक्त देवापुढं टेकते असं तूनं सांगतलं होतं. बरं बावा. पन बहीन काई देवी नसते, येवढं तं तुले समजाले पायजे होतं.

श्रावनले संग घेऊन पारावर इचारलं. सारे चांगलं बोलले. म्हनले, घर त्याचं हाय, येऊ दे. येशू सोड असं कोनी म्हनत नाई. एकच गोष्ट हाय. तू मांगच्या मंडईच्या जत्रेले आला तवा लोक राम राम म्हनत होते अन तू तहसीलदारावानी 'नमस्कार' म्हनत फिरला. आपल्यातही मानूस मातीतच जाते, माती कोनालेच नाई म्हनत नाई. पन बुधाजी म्हनला, "जो राम रामले राम राम देत नाई, त्याले खांदा कोन देईन?" बाकीचे गुमान बसले. म्हनजे त्याईलेही तसंच वाटते.

वारलू, दोन शबद हायेत. आंगनातलं कोंबडं हाकलाले याहून जास्त लागतात. सांग मले, जड काऊन जाते?

छातीचा फोटो काढून घे. भाऊबीजेले ये, मंग मंडई पाहू. टिळा लावत नाई, नुसता दिवा ओवाळीन. तेवढं तुया देवाले चालते का इचारून ठेव.

बहिनीची याद ठेव.
गुणाबाई

(मामाजी, हे सांगताना आई रडल्या. ते त्यांनी लिहू दिले नाही. – उर्वशी)


घुग्घुस
२२ ऑक्टोबर २०२३

ती. गुणाबाई हिस,
वारलूचा प्रभूमध्ये सलाम.

फोटो काढला. उजव्या बाजूला डाग आहे. चंद्रपूरला जाऊन आणखी एक मोठा फोटो काढायचा आहे. सुनेला सांग, हे वाचताना तिने आवाज पाडू नये, तू तिच्या चेहऱ्यावरून ओळखशील.

म्हणून पाळकसाहेबांकडे गेलो. वेळ आलीच तर सोमारीच्या शेजारी मला जागा मिळेल का, असे विचारले. त्यांनी समितीपुढे ठेवले. उत्तर आले, की भिंतीकडच्या त्या ओळीतली पुढची जागा एका जुन्या घराण्यासाठी राखलेली आहे. नवीन लोकांसाठी मागे, ओढ्याकडे, बघता येईल. पाळकसाहेब मान खाली घालून सांगत होते. म्हणाले, देवाच्या घरी पुष्कळ जागा आहे. मी म्हणालो, ते मला ठाऊक आहे साहेब, मी सोमारीच्या शेजारचे विचारत होतो. त्यांच्या बाईंनी चहा आणला, तो प्यालो आणि निघालो.

तू विचारलेस, दोन शब्द जड का जातात. बाई, ते शब्द वाईट आहेत असे मी कधीच म्हटले नाही. आपला बाप तेच म्हणत जगला. पण सोमारीने आणि मी जुने सोडले तेव्हा सोडण्यासारखे आमच्याजवळ होते काय? शेत नाही, मान नाही. तेवढे दोन शब्द होते, तेच आम्ही देवापुढे ठेवले. आता ते परत उचलले तर तिला त्या मातीत एकटीला टाकून मी निघून आलो, असे होईल. गुडघ्यावर बसून पुष्कळ विचारले. आधी उत्तर नाही आले तरी ऐकणारा आहे असे वाटायचे. आता तसेही वाटत नाही. खोलीत माझाच खोकला ऐकू येतो.

तरी येतो. भाऊबीजेला येतो आणि पारावर जाऊन राम राम म्हणतो. सोमारीच्या शेजारी नाही तर निदान आईबापाच्या जवळ. थकलो आहे, रागावू नकोस.

तुझ्या दारात माझ्यासाठी जागा असू दे.
वारलू


मोहटोला
६ नोव्हेंबर २०२३

चि. वारलू यास,
गुणाबाईचा सलाम.

उर्वशी लिवता लिवता थांबली. आई, चुकलं का, म्हनून दोनदा इचारलं. चुकलं नाई. तो शबद तुले तुया लोकाईत कोनी म्हनत नाई असं तूनं लिवलं. मंग मी म्हनतो.

तू पारावर काई म्हनू नको. मी तुया बाजूले बसीन. कोनी राम राम म्हनलं का दोघाचं उत्तर मी देईन. मले ऐकू येत नाई, म्हनून दोनदा देईन. बुधाजीले काई म्हनाचं असन तं माया कानात म्हनाव.

सोमारी तिकडं एकटी नाई. मानूस गेलं का त्याले शेजार लागत नाई, शेजार जित्या मानसाले लागते. म्हनून ये. आईची खोली सारवून ठेवली. दोन दिस झाले माहा जीव घाबरते, थंडीचं असन.

वाट पाह्यतो.
गुणाबाई


घुग्घुस
२६ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. उर्वशी हिस,
वारलूमामाचा

काय लिहावे ते सुचले नाही, म्हणून पुढची जागा मोकळी ठेवली आहे.

तुझ्या हाताचे, तिच्या तोंडचे ते पत्र दिवाळीच्या टपालात अडकले होते. गुणाबाईला माती देऊन परत आलो, तेव्हा दाराच्या फटीतून आत पडलेले सापडले. उभ्यानेच वाचले. पत्र वेळेवर आले असते तर मी अंगणात तोंड उघडले नसते.

तू दारात होतीस, तू ऐकलेस. भाऊबीजेच्या आधीच श्रावणचा फोन आला, तेव्हापासून बसमध्ये, नागभीडला उतरल्यावर, बोडीच्या पाळीवरून पाण्याच्या कडेने चालताना मी तेच दोन शब्द घोकत होतो. ते म्हटले नाहीत तर तिच्याजवळ जाऊ देणार नाहीत, अशी भीती होती. अंगणात सगळे बसलेले दिसले आणि मी हात जोडून म्हणालो, मोठ्याने म्हणालो. एकानेही मान वर केली नाही. मला वाटले, उशीर झाला म्हणून घेत नाहीत. मग बुधाजी बाजूच्याला म्हणाला ते कानावर आले. "मयताच्या घरी राम राम घेत नाई. हा तं तेही विसरला."

खरेच विसरलो होतो. आमच्याकडे मातीच्या वेळी माणसे हात हातात घेऊन सलाम म्हणतात. आपल्यात त्या दिवशी कोणी कोणाला काही म्हणत नाही, गुमान येतात, गुमान बसतात, हे लहानपणी बापाच्या वेळी पाहिलेले डोक्यातून गेले. वीस वर्षे जे जपले ते दिले, आणि ज्या घरी ते घेत नाहीत त्या घरी दिले. तिरडी उचलताना मी पुढे झालो, तर खांदे भरले होते. बुधाजीचाही खांदा होता. कोणी मला हाकलले नाही, कोणी बोलावलेही नाही. माती शेवटी टाकली.

आज चर्चमध्ये प्रार्थना झाली. नवीन बंधूच्या घरी पुन्हा दुःख आले आहे, असे म्हणाले. आमेन म्हणायला माझा आवाज निघाला नाही. परत येताना रफीकभाईने नेहमीसारखा सलाम केला. त्यालाही उत्तर देता आले नाही. राग आला का, म्हणून तो रस्त्याच्या मधोमध येऊन विचारत होता. मी नुसता हात हलवला.

मोठा फोटो काढून झाला आहे. त्यात काय आहे ते श्रावणला फोनवर सांगेन. आईच्या खोलीत यंदाचे धान भरा. सारवलेली आहे, पुन्हा कष्ट नकोत. माझ्या येण्याचे आता धरू नका.

एक मागणे आहे. तिने लिहायला सांगितले तेव्हा तुझा हात थांबला, पण तू लिहिलेस. तू मला पत्र लिहीत जा. नावापुढे तुला जे घालावेसे वाटेल ते घाल, राम राम, सलाम, काहीही. मी तेच उलट लिहून पाठवेन. मी आहे तोवर तुझ्या पत्राला उत्तर येत राहील.

वारलू