मुल्कीचा दाखला

२२ तीर, १३५२ फसली

— आणि लिंबाजीचा अर्ज पाठवला त्या सकाळी मी रोजचीच तर कामं केली! ओसरी झाडली. आडाचं पाणी भरलं. माळवदावर कुरडया घातल्या, कावळ्यांसाठी काठीला काळं फडकं बांधलं. चुलीवर कणकेची खळ शिजवली, लिफाफे चिकटवायला. मग लिंबाजीचे कागद एकावर एक लावले. हैदराबादच्या कॉलेजचा अर्ज. मॅट्रिकच्या गुणांचा कागद. हेडमास्तरांची चिठ्ठी. लिफाफा बंद केला, टपालात टाकला. मुल्कीचा दाखला तेवढा माझ्या पेटीत राहिला.

आज कॉलेजचं उत्तर आलं. लिंबाजीनं ओसरीत बसून वाचून दाखवलं. 'मुल्की असल्याचा दाखला जोडलेला नाही. सबब वजिफा व बोर्डिंगची जागा देता येत नाही.' दोनदा वाचलं त्यानं. 

निजामाच्याच मुलखातला रहिवासी आहे, असं तहसीलदारानं लिहून दिलेलं एवढंसं चिटोरं. ते नसेल तर वजिफा नाही, शिकायला सरकारी पैसा नाही. वजिफा नसेल तर लिंबाजीचं जाणं नाही. त्या चिटोऱ्यासाठी पोरानं पाथरीच्या कचेरीत किती खेपा घातल्या!

२३ तीर

'राहिला' असं लिहिलं काल. इथं कोण वाचायला येतंय? इथं तरी खोटं कशाला?

राहिला नाही. ठेवला.

हातात धरला होता. वर जांभळा शिक्का. बन्सीधरच्या दाखल्यावर असाच होता. माझ्या लेकाचा तो लिफाफाही मीच चिकटवला होता. ह्याच हातांनी. जूनमध्ये हैदराबादला गेला आणि माघात बोर्डिंगातून तार आली. प्लेग. मी पोचायच्या आधीच सगळं उरकलं होतं. एक ट्रंक दिली मला. पाच वर्षं झाली.

लिंबाजी त्याच्यासारखा दिसत नाही. वागतही नाही. पण पाथरीहून इथल्या शाळेसाठी आला आणि दोन वर्षं माझ्या ओसरीत बसून अभ्यास केला त्यानं. कोपऱ्यातल्या फळीवर त्याची पुस्तकं. जेवायला हाक मारली की 'आलो मावशी' म्हणायचा, आणि यायचा नाही.

पेटी उघडली, दाखला आत ठेवला, झाकण लावलं. मग कुरडया उलटायला गेले. शांतपणे गेले, हे जास्त वाईट.

२५ तीर

लोक येतातच. हे, आमचे यजमान, कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहायचे. त्यांच्या रद्दीतल्या मसुद्यांवर मी चोरून उर्दू गिरवली. हे गेल्यावर कुणी तरी विचारलं, बाई, पोराच्या कॉलेजचा कागद लिहून देता का? तेव्हापासून हे काम चालू आहे. कुठं कोणतं कॉलेज, कुठं बोर्डिंग, कुणाची सही लागते, हे सगळं विचारून विचारून एका वहीत उतरवलंय.

आज चारठाण्याचे एक गृहस्थ आले मुलाला घेऊन. "बाई, तिथं ज्वारीची भाकर भेटती का? भातानं फुगतंय वो हे." मुलगा लाजून खांबामागं गेला. शेजारची धुरपताबाई भिंतीवरून ओरडली, "तुमच्या वसरीत कालिजच भरायलंय की! मला बी घ्या एखाद्या वर्गात!" सगळे हसले. मीही.

जाताना ते गृहस्थ म्हणाले, "बाईनं लिव्हलेला कागद वापस येत न्हाई, असं आयकलंय."

२८ तीर

माणिकराव आले होते पाथरीहून. लिंबाजीचे वडील, त्यालाही घेऊन. चांगला माणूस, पण आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा.

"दाखला द्यायलाच इसरलं आसंल हे! बाई कशाला इसरतील?"

"दिला होता मी, बाबा."

"मंग गेला कुठं? उडाला?"

लिंबाजीनं माझ्याकडं बघितलं. "मावशी, तुमच्या हातात दिला होता ना मी?"

आणि मी म्हटलं — हे लिहायलाच हवं — मी म्हटलं, "आठवत नाही रे बाबा."

त्यानं मान खाली घातली. माणिकरावांनी त्याच्या मानगुटीत एक ठेवून दिली. फार जोरात नाही. अठरा वर्षांच्या पोराला, माझ्यासमोर. मी चहा टाकायला आत गेले.

१ अमरदाद

कॉलेजचं पत्र ते इथंच विसरून गेले. आज मागची बाजू बघितली. कारकुनाच्या शिकस्ता, म्हणजे घाईच्या मोडक्या उर्दू अक्षरात एक ओळ. असल्या अक्षरातले मसुदे वाचतच तर मी शिकले, आणि इतके दिवस पत्र उलटून बघितलं नाही. 'उमेदवारानं १५ अमरदादच्या आत दाखला स्वतः हजर केल्यास विचार केला जाईल.'

चौदा दिवस आहेत! देवा, चौदा दिवस आहेत.

पण दाखला कसा देऊ? काय सांगून देऊ?

३ अमरदाद

लिंबाजी पुस्तकं न्यायला येणार असा निरोप होता. सकाळीच मी दाखला त्याच्या भूमितीच्या पुस्तकात घातला. मधल्या पानांत. अलगद.

तो आला. पत्रामागची ओळ दाखवली. म्हटलं, बाबा, एकदा नीट शोध, पुस्तकांतही बघ. त्यानं एकेक पुस्तक झटकलं. भूमितीतून पडला.

काय ओरडला! धुरपताबाई धावत आली. "साप निगाला का काय वो?"

मग तो माझ्या पाया पडला. म्हणाला, "माझंच चुकलं, मावशी. मी मनातून तुमच्यावर शंका घेतली होती. माफ करा."

मी डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद दिला!

सगळं नीट झालं म्हणायचं. 

६ अमरदाद

बाजारच्या निमित्तानं माणिकराव आले. एकटेच. मी विचारलं, कधी निघतोय लिंबाजी?

"न्हाई पाठवत."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"सापडला की दाखला!"

"सापडला. सोताच्याच पुस्तकात! आन् मला छातीठोक सांगायलंय, बाईला दिला, बाईला दिला. ज्याला एक कागद सांबाळता येईना, त्ये हैदराबादला जीव सांबाळील व्हय? तुमच्या बन्सीधरचं बगितलंय की आमी. त्यो तर शाणा होता." मग जरा नरमले. "राग मानू नका बाई. मॅट्रिक झालं, लय झालं. आता औत हाकू द्या. पोरगं रडायलंय, पर रडंल आन् गप बसंल."

लिंबाजीच्या आईनं दिलेल्या शेवया त्यांनी ओसरीच्या कडेला ठेवल्या. "तुमी लय केलं त्याच्यासाठी," म्हणाले.

मला हेच हवं होतं की नाही? तो जाणार नाही. जिवंत राहील, पाथरीत, औतामागं. महिन्यातून एकदा बाजाराला येईल, मावशी म्हणेल. आणि जन्मभर स्वतःला विसराळू समजेल, खोटा समजेल. बापही समजेल.

बन्सीधरला मी पाठवलं, म्हणून तो जिवानिशी गेला असं पाच वर्षं म्हणत आले. पण त्याला स्वतःलाच हैदराबादला जायचं होतं. ट्रंक भरताना किती हसत होता. ते मी विसरलेच होते.

७ अमरदाद

आठ दिवस राहिले. शेवयांचं पुडकं तसंच आहे.

९ अमरदाद

काल सकाळच्या मोटारीनं पाथरीला गेले. माणिकराव गोठ्यापुढं बसले होते, सोबत भावकीतली दोन माणसं. बसा म्हणाले. मी बसले नाही. म्हटलं, "लिंबाजीनं दाखला माझ्या हातात दिला होता. मी तो पेटीत लपवला. नंतर मीच त्याच्या पुस्तकात घातला. तो खरं बोलत होता."

 लिंबाजी दारात आला होता, त्यानं सगळं ऐकलं. माणिकराव माझ्याकडं न बघता उठले. म्हणाले, "लिंबाज्या, ट्रंक काढ."