विमानात गाठलेली खबर

३ फेब्रु.
उशिरा लिहितो आहे, वहीने माफ करावे. परवा बायको गेली, शांता. मी मळ्यात कांद्याला पाणी देत होतो. घरी आलो तर सगळे संपलेले.
मुलगा अनिल कतारला. त्याला फोनवर सांगितले, "मायची तब्येत जास्त हाय, निघ." लांबच्या माणसाला आपल्याकडे असेच सांगतात. मेल्याचे कळले की अग्नी देईपर्यंत घास उतरत नाही. गावात येईस्तोवर पोटात काही असावे. माझा बाप गेला तेव्हा मलाही असेच बोलावले होते.

४ फेब्रु.
परवा अनिलने येऊन अग्नी दिला. पण माझे डोके तापलेले. अनिल विमानात असताना त्याचा मेसेज आला होता. "बा, माय हाय ना?" मी एकेक अक्षर शोधून लिहिले, "हाय. तू जेवून घे."
मग कळले, पुतण्या गजाने हिचा हार घातलेला फोटो घरच्या ग्रुपवर आधीच टाकला होता. गाढव. म्हणतो, "काका, विमानात कायचं इंटरनेट? उतरल्यावर पाह्यन वाटलं."
होते इंटरनेट. आता आभाळातही वायफाय देतात म्हणे. कोणाची खबर कोणाला कुठे गाठेल, याचा विचार कोण्या शहाण्याने केला?

५ फेब्रु.
राख सावडली. अनिल मला टाळत होता. त्याला गोठ्यापाशी गाठले.
"बा, फोटोवर हार होता. तरी तुमी लिवलं, हाय. काहून?"
"तू उपाशी बसला असता."
"बसलोच ना. बाजूचा पिक्चर पाहून हसून राह्यला होता. मी कोणाले सांगू?"
"आग लागो तुह्या वायफायले!"
उठून गेला. मी काय चुकीचे केले? साऱ्या केनवड गावात मला कोणी खोटारडा म्हटले नाही.

१४ फेब्रु.
अनिल आईची तेरवी करून कतारला परत गेला. जाताना पाया पडला. बहिणीजवळ, रेखाजवळ बोलला, "आता बाचा फोन आला तर खरं का खोटं, कसं समजू?" हे तिने मला सांगायलाच पाहिजे होते का. गजा समोरून जातो, मी तोंड फिरवतो.

२ मार्च
छातीत दुखले. वाशीमच्या डॉक्टरने पाहिले. घाबरण्यासारखे नाही म्हणाला. अनिलला तसेच लिहिले. वाचल्याची निळी खूण आली, उत्तर नाही. उलट रेखाला फोन. "बा खरं सांगून राह्यले का?"
म्हणजे माझी तब्येतही आता पोरीने सांगायची.
जीव जळतो.

५ मार्च
अजून काही नाही. आज पुन्हा लिहिले. "मलेच विचार. शिव्या दे. पण लवकर लिव, बाबू."