जित्याला थांबलेला ठिपका

प्रिय अपू,

सहा वर्षांनी तुला पत्र लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आलं तर दोष गाडीच्या हादऱ्यांना दे. रोह्याहून सकाळच्या गाडीने निघालोय. शेजारी समीक्षा आहे, वटवाघळांचा अभ्यास करणारी मुलगी. आपल्या परसातल्या बेहड्यावरची निम्मी वाघळं मोहराच्या दिवसांत जातात कुठे, हे तिला शोधायचंय. वाटेतली त्यांची झाडं कळली, तर ती राखता येतील म्हणते.

पौषात तिने एका मादीच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारं सुपारीएवढं यंत्र बांधलं. मी त्या मादीला पोत्यात धरून बसलो होतो. तिच्या काळजाची धडधड हाताला लागत होती. मी तिचं नाव पुतळी ठेवलं. त्यावर शेजारची गिरजाकाकू फटकन म्हणाली, "विठू, वाघळाचं बारसं करतोस, नि लेकीच्या लग्नाला नाय गेलास!"

तेव्हापासून वालाच्या शेंगा खुडायच्या सोडून रोज सकाळी समीक्षाच्या फोनवर पुतळीचे रात्रीचे ठिपके बघतो. आधी कासू, मग पेणच्या पलीकडे, मग जिते. डोळे मिटले की मीच अंबा नदीवरून तरंगत असतो. खाली खाचरं, खाडीचं पाणी, कुणाचंच कुंपण दिसत नाही. तुझ्या सासरच्या ज्या गावाचं नाव मी घरात काढू दिलं नाही, तिथे पुतळी खुशाल चिकू खात होती. खरं सांगतो, मला तिचा हेवा वाटला.

काल रात्रभर ठिपका हलला नाही. समीक्षाने नकाशा मोठा केला, तर स्टेशनामागची तुमची वाडी. मी ओळखली, कारण तुझ्या लग्नादिवशी तिच्या कुंपणापर्यंत येऊन मी परत फिरलो होतो. हे कुणालाच ठाऊक नाही. वाघळं फळं नासवतात म्हणून चिकूवर मासेमारीचं जुनं जाळं पांघरायचं, हे तुला मीच शिकवलं. पुतळी त्यातच अडकली असणार.

ही चिठ्ठी समीक्षा तुझ्या हातात देईल. जाळं ओढू नकोस, पंख फाटतील. एकेक धागा काप, वाघळाला हात मात्र तिलाच लावू दे. पुतळी जगली असो वा नसो, मला सांगायला तू स्वतः ये. मी जित्याच्या स्टेशनवर बाकावर बसून राहीन. या वेळी माघारी जाणार नाही.

तुझाच,
बाबा